दहावीनंतर एक वर्ष अमेरिकेत: एक्स्चेंजला जाण्याआधीची अभ्यासाची आणि कागदपत्रांची तयारी

राज्य मंडळाची दहावी देऊन अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये वर्षभर एक्स्चेंज विद्यार्थी म्हणून जायचं असेल, तर तयारी नववी संपतानाच सुरू करा. ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या वर्षाचे अर्ज एक्स्चेंजची व्यवस्था पाहणाऱ्या बहुतेक संस्था आदल्या हिवाळ्यात घेतात, म्हणजे ऐन पूर्वपरीक्षेच्या दिवसांत. मागच्या तीन वर्षांचे इंग्रजीतले गुणपत्रक, शिक्षकांची शिफारसपत्रं आणि मुलाने स्वतः लिहायचा परिचय, ही कामं दिवाळीच्या सुट्टीतच उरकून टाका.

सगळ्यात आधी ठरवायचं ते हे की, हे वर्ष अकरावीऐवजी धरायचं की जादाचं? आमचं मत ठाम आहे, जादाचं धरा. तिथल्या बहुतेक शाळांत रसायनशास्त्र एका वर्षी, भौतिकशास्त्र दुसऱ्या वर्षी असा क्रम असतो. आपल्या अकरावी विज्ञानाला हे विषय एकदम सुरू होतात. त्यामुळे तिथे उत्तम ग्रेड मिळाली तरी अकरावीचा मोठा भाग कोराच राहतो, आणि थेट बारावीत बसवण्याचा खटाटोप मुलाच्याच अंगाशी येतो. शिवाय एक्स्चेंज विद्यार्थ्याला डिप्लोमा, म्हणजे हायस्कूल पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र, द्यायचा की नाही हे तिथली शाळा ठरवते, त्यावर विसंबू नका.

‘वर्ष वाया जाईल’ ही भीती घरोघरी असते. जेईईची पात्रता बारावी उत्तीर्ण झाल्याच्या वर्षापासून मोजतात, नीटला किमान वय १७ लागतं. दहावीनंतरचा गॅप या दोन्हींच्या आड येत नाही. अभियांत्रिकीसारख्या प्रवेशांत राज्याच्या जागांसाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून असणं मात्र फार उपयोगी पडतं. म्हणून परत येऊन अकरावी-बारावी इथेच करणं हा सरळ मार्ग.

तिथले विषय निवडताना इंग्रजी आणि अमेरिकेचा इतिहास शाळा बहुधा घ्यायलाच लावते. उरलेल्यांत गणिताचा एक आणि विज्ञानाचा एक विषय ठेवा, म्हणजे परतल्यावर हात बसलेला असतो. बाकी जागा नाटक, बँड, सुतारकाम अशा इथे सहसा न मिळणाऱ्या विषयांना द्या. गणितात मूल पुढे आहे म्हणून सगळे एपी (कॉलेजच्या पातळीचे अवघड) विषय घ्यायला लावू नका. पहिले दोन महिने भाषेचा वेग पकडण्यातच जातात.

कागदपत्रांत सर्वाधिक घोळ नावाचा होतो. मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं आणि वडिलांचं नाव असतं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा, आणि वडिलांचं नाव कुणी ‘गिव्हन नेम’मध्ये लिहितं, कुणी गाळतं. व्हिसाशी संबंधित प्रत्येक कागदावर पासपोर्टप्रमाणेच, अक्षरन् अक्षर तेच नाव हवं. जन्मदाखला, आधार, शाळा सोडल्याचा दाखला आणि पासपोर्ट शेजारी ठेवून स्पेलिंग तपासा. दाखल्यातली चूक शाळेतून दुरुस्त करायची असेल, तर ते दहावीचा परीक्षा अर्ज भरण्याआधी करा, कारण गुणपत्रिका छापून आल्यावर तीच दुरुस्ती मंडळाकडून करून घ्यावी लागते. आधारचं १५ वर्षांनंतरचं बायोमेट्रिक अपडेटही याच काळात करून टाका.

लहानपणी काढलेला पासपोर्ट पाच वर्षांचा असतो आणि १८ व्या वाढदिवसापुढे जात नाही. मूल तिथे असतानाच १८ वर्षांचं होणार असेल, तर हा पासपोर्ट मध्येच संपेल. १५ वर्षं पूर्ण झाल्यावर दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो, तोच घ्या.

निवड झाली, शाळा आणि यजमान कुटुंब ठरलं, की संस्था डीएस-२०१९ हा व्हिसासाठी लागणारा पात्रतेचा फॉर्म पाठवते. त्यावरच्या क्रमांकाने सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची अमेरिकी सरकारी नोंदप्रणाली) शुल्क भरायचं, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरायचा आणि जे-१ या एक्स्चेंज व्हिसाच्या मुलाखतीची तारीख घ्यायची. सेव्हिसची पावती छापून ठेवा. विम्यात प्रत्येक आजार किंवा अपघातामागे किमान १,००,००० डॉलरचं संरक्षण लागतं. संस्थेचा विमा ते देतो का आणि दातांचा, आधीच्या आजारांचा खर्च त्यात येतो का, हे लेखी विचारा.

लसींकडे घाईच्या आधी पाहा. सरकारी लसीकरणात एमआर (गोवर-रुबेला) असते, एमएमआर नाही, म्हणजे गालगुंडाची लस राहिलेली असते. दहाव्या वर्षी दिलेल्या टीडीत (धनुर्वात-घटसर्पाची लस) डांग्या खोकल्याचा भाग नसतो, तिथल्या शाळा तो भाग असलेली टीडॅप मागतात. कांजिण्यांच्या लसीचेही दोन डोस लागतात. यांतल्या डोसांमध्ये किमान चार आठवड्यांचं अंतर असल्याने कामाला मेमध्ये लागा. राज्यागणिक नियम बदलतात, यादी शाळेकडूनच मागवा. क्षयरोगाची चाचणी सांगितली तर रक्ताची करा. बीसीजी घेतलेल्या मुलांची त्वचेवरची चाचणी विनाकारण पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग एक्स-रे, पत्रं, पुन्हा तपासणी असं लांबत जातं.

परतीची तयारीही जाण्याआधीच करायची. अकरावीची ऑनलाइन नोंदणी दहावीच्या निकालाच्या सुमारास सुरू होते, तेव्हा मूल अजून तिथल्या वार्षिक परीक्षेत अडकलेलं असेल. नोंदणीला पालकांचाच मोबाइल क्रमांक द्या, ओटीपी त्यावर येतो. मूळ गुणपत्रिका, दाखला आणि जातीचं प्रमाणपत्र घरी ठेवा, मुलासोबत स्कॅन आणि साक्षांकित प्रती पाठवा. नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते. ती त्याच वर्षी संपत असेल तर एप्रिलमध्ये नव्याने अर्ज करा. गॅपबद्दलच्या प्रतिज्ञापत्रासाठी संस्थेचं सहभाग प्रमाणपत्र लागेल. तिथल्या शाळेची अधिकृत ट्रान्सक्रिप्ट (विषय आणि ग्रेडची नोंद) मुलाने मेमध्येच मागून ठेवावी, जूनमध्ये शाळा सुटल्या की तिथलं ऑफिस कित्येक आठवडे बंद असू शकतं.