आजी-आजोबांची प्रकृती घरात अचानक बिघडली तर: पहिल्या अर्ध्या तासात काय करावे

नागपुरात मे महिन्यात घरातील वृद्ध माणूस अचानक सुस्त पडला, की सगळ्यांच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘ऊन लागलं’. उरलेल्या वर्षात त्याच तक्रारीला ‘गॅस झाला’ असे म्हटले जाते. या दोन शब्दांनी किती मौल्यवान वेळ वाया जातो, हे मी स्वतः पाहिले आहे. आमचे आबाजी सायंकाळी कूलरसमोर बसून बशीतून चहा पीत होते. चहाचा ओघळ त्यांच्या ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून सदऱ्यावर उतरला आणि बशी हातातून कलंडली. “काई नाई झालं, बसू दे मले थोडं,” असे ते म्हणाले, पण शब्द जड आणि पसरट येत होते. आम्ही तळपायांना कांदा चोळला, पन्हे पाजले, त्या पन्ह्याचा त्यांना ठसका लागला, आणि तरीही ऊन उतरेल म्हणून आम्ही आणखी अर्धा तास थांबलो. तो पक्षाघात होता. रुग्णालयात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “ते शेवटचे पूर्ण बरे कधी दिसले होते?” आणि घरच्या तिघांनी तीन वेगवेगळ्या वेळा सांगितल्या.

म्हणून सर्वांत आधी घड्याळ पाहावे आणि वेळ कागदावर किंवा फोनमध्ये लिहून ठेवावी. मेंदूत रक्ताची गुठळी अडकून झालेल्या पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि हे तास लक्षण आपल्या लक्षात आल्यापासून नव्हे, तर रुग्ण शेवटचा बरा दिसल्यापासून मोजले जातात. आजी रात्री दहाला बऱ्या अवस्थेत झोपल्या आणि पहाटे पाचला उठताना त्यांचा हात लुळा आढळला, तर सांगायची वेळ रात्री दहाची असते. वेळ उलटून गेली असे वाटले तरी घरी थांबू नये, कारण काही निवडक रुग्णांमध्ये नळीवाटे गुठळी काढण्याचा उपचार चोवीस तासांपर्यंतही करता येतो. कोणाला तो लागू पडेल हे तपासणीनंतरच ठरते.

पक्षाघाताची शंका आली, तर तीन गोष्टी करून पाहाव्यात. हसायला सांगावे आणि तोंड एका बाजूला ओढले जाते का ते पाहावे. दोन्ही हात समोर धरायला सांगून एखादा हात खाली घसरतो का ते पाहावे. आणि ‘आज सोमवार आहे’ असे साधे वाक्य म्हणून घ्यावे. यांपैकी एक जरी गोष्ट नेहमीपेक्षा वेगळी दिसली, तर पुढची चर्चा थांबवून १०८ क्रमांकावर फोन करावा. ही रुग्णवाहिका सेवा निःशुल्क आहे. तो क्रमांक न लागल्यास ११२ लावावा. लक्षणे दहा मिनिटांत आपोआप ओसरली तरी जावेच, कारण तो मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

फोनवर पत्ता सांगणे आपल्या शहरात वाटते तितके सोपे नाही. मानेवाडा, नंदनवन, त्रिमूर्तीनगर अशा भागांत एकामागून एक ले-आऊट आहेत, प्लॉटचे क्रमांक नेहमी ओळीने लागतातच असे नाही, आणि महाल-इतवारीच्या गल्ल्यांमध्ये मोठे वाहन शेवटपर्यंत पोहोचेलच असे नाही. त्यामुळे प्लॉट क्रमांकासोबत सर्वांना ठाऊक असलेली खूण, म्हणजे पाण्याची टाकी, मंदिर, शाळा किंवा मुख्य रस्त्यावरील चौक, आवर्जून सांगावी. रुग्णाचे वय, शुद्ध आहे की नाही आणि श्वास कसा चालू आहे हे सांगावे, आणि समोरच्या व्यक्तीने सांगितल्याशिवाय फोन ठेवू नये. तोवर घरातील एकाने कोपऱ्यावर जाऊन उभे राहावे आणि दुसऱ्याने फाटक उघडून वाटेतील गाड्या बाजूला कराव्यात. रुग्णाला दुचाकीवर मध्ये बसवून नेण्याची आपल्याकडे रीत आहे. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या बाबतीत ती फार धोक्याची आहे.

वाट पाहताना काही तरी पाजावे असे वाटते, आणि नेमके तेच टाळायचे असते. पक्षाघातात गिळण्याची शक्ती कमी झालेली असते आणि पाणी किंवा पन्हे श्वासनलिकेत जाऊ शकते. रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून जास्तीची गोळी देऊ नये. तो एकदम उतरवल्याने मेंदूचा रक्तपुरवठा आणखी घटू शकतो. अ‍ॅस्पिरिनही देऊ नये, कारण आत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सीटी स्कॅनशिवाय कोणालाही सांगता येत नाही. शुद्ध हरपलेली असून श्वास चालू असेल, तर रुग्णाला कुशीवर वळवावे, म्हणजे उलटी झाली तरी घशात अडकणार नाही. झटके येत असतील तर दातांत चमचा घालू नये आणि नाकाला कांदा किंवा चप्पल लावू नये. आजूबाजूच्या टणक वस्तू तेवढ्या दूर कराव्यात.

मधुमेहाच्या रुग्णाची गोष्ट थोडी वेगळी आहे. औषध घेऊन जेवण राहिले असेल, घाम सुटला असेल, बोलणे असंबद्ध झाले असेल, तर घरातील यंत्रावर साखर तपासावी. ती ७० च्या खाली असेल आणि रुग्ण शुद्धीवर राहून नीट गिळू शकत असेल, तरच तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे.

हृदयविकाराचा झटका वृद्धांमध्ये, विशेषतः मधुमेह असलेल्यांमध्ये, छातीत कळ न येताही येतो. नुसती धाप, थंड घाम, मळमळ किंवा अचानक आलेला कमालीचा थकवा एवढेच दिसते, आणि तिथेच ‘गॅस’ हा शब्द घात करतो. रुग्णाला टेकून बसवावे, जिना उतरायला लावू नये आणि अ‍ॅस्पिरिन द्यावी का हे १०८ वरील डॉक्टरांनाच विचारावे. हाक मारूनही प्रतिसाद नसेल आणि श्वास थांबला असेल किंवा आचके येत असतील, तर पाठीखाली कठीण जमीन घेऊन छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहातांनी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा आणि मदत येईपर्यंत थांबू नये. बरगडी मोडेल या भीतीने हात आखडू नये.

खरा उष्माघात नागपुरात होतोच, आणि तोही तितकाच तातडीचा आहे. अंग तापलेले, तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर आणि बोलण्यात भ्रम, ही त्याची ओळख. अशा वेळी रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नये. कपडे सैल करून अंगावर पाणी टाकावे, पंखा पूर्ण वेगाने लावावा, मान, काख आणि जांघेत कापडात गुंडाळलेला बर्फ ठेवावा. या तापावर पॅरासिटामॉलचा उपयोग होत नाही.

न्हाणीघरात पडलेल्या आजींना लगेच उचलू नये. एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळले असेल, तर खुब्याचे हाड मोडलेले असण्याची शक्यता मोठी असते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागला, तर त्या हसत बोलत असल्या तरी तपासणीला न्यावे.

कुठे न्यायचे, हे त्या दिवशी ठरवू नये. मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स ही मोठी शासकीय रुग्णालये आहेत, तर धंतोली आणि रामदासपेठेत खासगी रुग्णालये दाटीने आहेत. परंतु आपल्या घराजवळच्या कोणत्या ठिकाणी रात्रीही सीटी स्कॅन होतो आणि पक्षाघाताचे इंजेक्शन मिळते, याची चौकशी एखाद्या निवांत दुपारी करून ठेवावी. चालू औषधे, त्यांची मात्रा, रक्त पातळ करणारी गोळी, अ‍ॅलर्जी आणि झालेल्या शस्त्रक्रिया एका कागदावर लिहून तो फ्रिजच्या दारावर लावावा, आणि आधार कार्ड व शिधापत्रिकेच्या प्रती एका पिशवीत ठेवाव्यात. वय ७० पूर्ण असल्यास आयुष्मान वय वंदना कार्ड काढून त्याच पिशवीत ठेवावे. ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता ते मिळते आणि योजनेतील रुग्णालयांत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांसाठी लागू होते. कार्ड सापडत नाही म्हणून निघायचे मात्र थांबू नये.

आमच्या फ्रिजवरच्या कागदात आता सर्वांत वर ले-आऊटचे नाव, प्लॉट क्रमांक आणि पाण्याच्या टाकीची खूण मोठ्या अक्षरांत आहे, आणि नऊ वर्षांच्या पुतणीकडून तो पत्ता मी दर दोन महिन्यांनी तोंडी म्हणवून घेतो, कारण दुपारी घरात बहुधा आबाजी आणि तीच असतात.