डेंटल हायजिनचा अभ्यास कसा करायचा, बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या पोरापोरींसाठी

पीयूसी (बारावी) सायन्स झाली, नीटचा स्कोर बीडीएसपर्यंत, म्हणजे डेंटिस्टच्या डिग्रीपर्यंत, पोचला नाही, किंवा पोचला पण चार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप एवढा खर्च घरच्यांना झेपणार नाही, मग कुणीतरी पाहुणा सांगतो की डेंटल हायजिनची डिग्री कर, बाहेर लय डिमांड आहे. डिमांड आहे हे खरं, पण फी भरायच्या आधी एक गोष्ट नीट समजून घ्या.

आपल्याकडे डेंटल कौन्सिलच्या नियमाने हायजिनिस्ट व्हायचं म्हणजे दोन वर्षांचा डिप्लोमा. १९४८ च्या डेंटिस्ट्स ॲक्टमध्येच हायजिनिस्ट कोण ते लिहिलंय, जो स्वतः डेंटिस्ट नाही पण दातांचं स्केलिंग (कीटण खरवडून काढणं), क्लीनिंग, पॉलिशिंग करतो किंवा तोंड साफ कसं ठेवायचं ते शिकवतो तो. पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) घेऊन पीयूसी पास असावं लागतं, नीट लागत नाही. तीन वर्षांची बॅचलर डिग्री ही गोष्ट मुख्यतः बाहेरची, ऑस्ट्रेलियात बॅचलर ऑफ ओरल हेल्थ, यूकेत डेंटल हायजिन अँड थेरपीची बीएस्सी. अमेरिकेत तर असोसिएट डिग्रीवरही हायजिनिस्ट होता येतं, पण कॉलेज तिथल्या डेंटल कॉलेजांना मान्यता देणाऱ्या कमिशनने मान्य केलेलं पाहिजे आणि वर नॅशनल बोर्डाची परीक्षा. इथला डिप्लोमा घेऊन गेलो की तिकडे थेट खुर्ची मिळाली असं होत नाही, बाहेरच जायचं असेल तर बॅचलर तिकडेच करायची तयारी ठेवा नाहीतर एजंटच्या नादाला लागू नका.

म्हणून इथल्या कुठल्याही कॉलेजला पहिला प्रश्न हाच विचारा की या कोर्सनंतर कर्नाटक स्टेट डेंटल कौन्सिलमध्ये हायजिनिस्ट म्हणून माझं रजिस्ट्रेशन होणार का. तोंडी हो म्हटलं तर लेखी मागा. पॅरामेडिकलच्या नावाखाली चकचकीत माहितीपत्रक छापणारे लय आहेत, कौन्सिलच्या यादीत कॉलेज नसेल तर त्या कागदाचा उपयोग नाही. बेळगावात नेहरूनगरचं केएलई व्ही. के. इन्स्टिट्यूट आणि मराठा मंडळचं हलगेकर डेंटल कॉलेज, धारवाडला एसडीएम, पलीकडे सांगलीला भारती विद्यापीठ, अशी डेंटल कॉलेजं आजूबाजूला आहेत, पण बीडीएस आहे म्हणून हायजिनिस्टचा कोर्सही असेलच असं नाही, प्रत्यक्ष जाऊन विचारा. शिवाय २०२३ ला नॅशनल डेंटल कमिशनचा नवा कायदा पास झालाय, त्यामुळे दोन वर्षांपूर्वी ताईने ॲडमिशन घेतली तेव्हाचे नियम धरून बसू नका, चालू वर्षाचे बघा. खानापूर किंवा चिकोडीहून रोज ये-जा करणाऱ्या मुलींनी शक्ती योजनेचा हिशोब धरावा, जून २०२३ पासून कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसचं तिकीट नाही, आधार कार्ड जवळ ठेवायचं. हॉस्टेलचा खर्च वाचतो तो थोडाथोडका नाही.

आता अभ्यास.

मराठी मीडियममधून आलेल्यांना पहिले दोन-तीन महिने पुस्तक म्हणजे डोंगर वाटतो, सगळं इंग्लिश. घाबरू नका, एक वही करा, एका बाजूला हिरडी, सुळा, दाढ, कीटण असे आपले शब्द आणि समोर जिंजायव्हा, कॅनाइन, मोलर, कॅल्क्युलस. पेपर इंग्लिशमध्येच लिहायचाय पण डोक्यात चित्र मराठीतूनच उभं राहतं ना. दातांचे नंबर मात्र पहिल्याच आठवड्यात पाठ पाहिजेत, वरचा उजवा ११ ते १८, वरचा डावा २१ ते २८, खालचा डावा ३१ ते ३८, खालचा उजवा ४१ ते ४८. आणि उजवा-डावा पेशंटचा, आपला नाही. आरशासमोर उभं राहून स्वतःच्या तोंडावर घोका, जेवताना घोका, घरचे हसू देत.

थिअरीत कारण विचारलं जातं, नुसती व्याख्या सांगून भागत नाही. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) हमखास येणारा प्रश्न घ्या, कीटण, म्हणजे दातावर बसलेला कडक थर, सगळ्यात जास्त कुठे साठतं? खालच्या पुढच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला. का, तर लाळेच्या नळ्या तिथे उघडतात, खाली व्हार्टन डक्ट, वर स्टेन्सन. हे "का" कळलं की पाठ करावं लागत नाही. तसंच १९६५ चा हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांचा प्रयोग नीट वाचा, चांगल्या हिरड्यांच्या लोकांना ब्रश बंद करायला लावला तर दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि परत ब्रश सुरू केल्यावर आठवड्याभरात सुधारल्या. पेपरला तर येतोच, शिवाय "रक्त येतंय म्हणून ब्रश बंद केला" म्हणणाऱ्या पेशंटला द्यायला यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

खरा कोर्स हातात आहे. स्केलर, म्हणजे कीटण खरवडायचं हत्यार, पेनासारखा पण जरा वेगळा धरायचा, मॉडिफाइड पेन ग्रास्प, आणि अनामिका शेजारच्या दातावर टेकलेली पाहिजे. ती टेकण सुटली की हत्यार घसरतं आणि हिरडी फाटते. ग्रेसी क्युरेट नावाच्या खरवडायच्या हत्यारांचे नंबर ऐकून पोरं गांगरतात, सुरुवातीला एवढं धरा: पुढच्या दातांना १/२ आणि ३/४, दाढेच्या पुढच्या बाजूला ११/१२, दाढेच्या मागच्या बाजूला १३/१४, बाकीचे हळूहळू बसतात. टायपोडॉन्टच्या (प्रॅक्टिसच्या नकली जबड्याच्या) दातांवर नेलपॉलिश लावून वाळवा आणि ते खरवडायची प्रॅक्टिस करा, दातावर ओरखडा न पडता निघालं पाहिजे. प्रोब, म्हणजे दात-हिरडीमधली खोली मोजायची सळई, हिरडीच्या कडेने चालवताना जोर लावू नका, एक ते तीन मिलिमीटर नॉर्मल, त्यापुढे गेलं की लिहून ठेवायचं आणि सरांना दाखवायचं. मान वाकवून काम करायची सवय तर पहिल्या दिवसापासून मोडा, या धंद्यात पाठ आणि मनगट आधी जातं. ऑटोक्लेव्हचे (हत्यारं वाफेने जंतुमुक्त करायच्या यंत्राचे) आकडे म्हणजे १२१ डिग्री, १५ पौंड प्रेशर, १५ ते २० मिनिटं, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे.

आणि जे पुस्तकात नीट मिळणार नाही ते सांगतो. आपला भाग तंबाखूचा, निपाणीचा जर्दा तंबाखू आणि विड्या कुणाला सांगायला नकोत. केस हिस्टरीच्या फॉर्मवर "तंबाखू: हो / नाही" एवढंच असतं, आणि समोरची आजी अगदी मनापासून नाही म्हणते. मग दातांच्या मुळाशी काळं कशाने?

"आजी, मिश्री लावता काय?"

"मिश्री व्हय, ती लावतो की. तंबाखू न्हाई खात बाई मी."

मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, पण घरात ती दात घासायची वस्तू. त्यामुळे मिश्री, तपकीर, गुटखा, मावा, पान, विडी असं एकेक नाव घेऊन विचारायचं, दिवसातून कितीदा, तोंडात कुठल्या बाजूला धरता तेही. त्या बाजूचा गाल आणि ओठाची आतली बाजू आधी बघायची, पांढरा चट्टा, बरी न होणारी जखम, तोंड कमी उघडणं यातलं काही दिसलं तर स्केलिंग राहू दे, डेंटिस्टला लगेच दाखवा. सुपारीने तोंड आखडतं, तरण्या पोरांतही. सोडायची इच्छा दाखवली तर तंबाखू क्विटलाइनचा नंबर द्या, १८००-११२-३५६, फुकट आहे.

पेशंट कन्नडही असतात. "बायि तेगीरी" (तोंड उघडा), "उगुळ्री" (थुंका), "नोवु ऐति एन्री" (दुखतंय काय) एवढं तरी पहिल्या महिन्यात यायला हवं. भाषेचं राजकारण खुर्चीच्या बाहेर, ज्याचं तोंड उघडं आहे त्याला दुखतंय का नाही ते कळलं पाहिजे.

अजून एक तयारी लागते, "क्लीन केल्याने दात हलतात, फटी पडतात" हे तुम्ही रोज ऐकणार. चिडू नका. स्केलिंगच्या आधी आरसा हातात द्या आणि कीटण दाखवा, फट आधीपासूनच आहे, ती कीटणाने बुजलीय, हाड आधीच खाली गेलंय, असं आधी सांगितलं तर ते ज्ञान ठरतं, नंतर सांगितलं तर ती सबब वाटते.

पास झाल्यावर रजिस्ट्रेशनचं काम लगेच उरका, त्याशिवाय हायजिनिस्ट म्हणून काम करता येत नाही, आणि काम डेंटिस्टच्या देखरेखीखालीच, स्वतःची पाटी लावायची नाही. निपाणीत राहून कोल्हापूरच्या क्लिनिकला नोकरी धरायचा विचार असेल तर लक्षात ठेवा, रजिस्ट्रेशन राज्याचं असतं, महाराष्ट्राच्या कौन्सिलकडे ट्रान्सफर करून घ्यावं लागतं, म्हणून मार्कशीट, इंटर्नल प्रॅक्टिकलचं रेकॉर्ड, कॉलेजचं सर्टिफिकेट सगळ्याच्या दोन-दोन अटेस्टेड कॉप्या आधीच काढून ठेवा.