शिन, ली, शू: फोशानहून आणलेल्या सवयी कशा लावून घ्यायच्या

चीनमधल्या फोशान शहरात टाइल्सच्या खरेदीच्या कामावर मी तीन वर्षं होते. जाण्याआधी रन (माणुसकी), यी (न्यायबुद्धी), ली (रीतभात), झी (शहाणपण), शिन हे चिनी तत्त्वज्ञ कन्फ्यूशियसच्या परंपरेतले पाच गुण घोकून ठेवले होते. त्या घोकंपट्टीचा काडीचा उपयोग झाला नाही. तुम्हीही पाचांच्या मागे एकदम लागू नका, शिनपासून सुरू करा.

शिन म्हणजे शब्दाला जागणं. मला तो भट्टीवरच्या शिफूंनी शिकवला (तिकडे कसबी कारागिराला शिफू म्हणतात, ड्रायव्हरलासुद्धा). रंगाचा नमुना गुरुवारी पक्का करते असं मी म्हणाले होते, कळवलं सोमवारी. तोवर त्यांनी भट्टीतली पाळी माझ्यासाठी अडवून ठेवलेली. ते चिडले नाहीत. टाइलच्या पाठीवर पेन्सिलीनं शिनचं अक्षर काढलं: डावीकडे माणूस, उजवीकडे बोलणं. मग अंगठ्यानं माणूस झाकला. उरलं नुसतं बोलणं. तेव्हापासून मी एकतर तारीख देते, नाहीतर ‘आत्ता सांगता येत नाही’ म्हणते. ‘बघू, करू’ बंद.

रोजच्या सरावासाठी कन्फ्यूशियसचा शिष्य त्सेंगझी स्वतःला विचारायचा ते तीन प्रश्न घ्या. दुसऱ्याचं काम मनापासून केलं का? मित्रांशी बोलल्याप्रमाणे वागले का? शिकले ते वापरून पाहिलं का? झोपण्याआधी कागदावर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहायचं. ‘नाही’ आलं तर त्यापुढे सकाळी पहिला फोन कुणाला करायचा त्याचं नाव. कारणं लिहायची नाहीत. मी लिहायचे, आणि ती फार सुरेख जमायची.

ली हातांनी शिकायची. कार्ड दोन्ही हातांनी द्या-घ्या, आणि वाचल्याशिवाय खिशात टाकू नका. चहा ओतताना आधी मोठ्यांचा कप, आपला शेवटी. फोशान ज्या प्रांतात आहे त्या ग्वांगदोंगमध्ये कुणी आपल्या कपात चहा ओतला की दोन बोटं टेबलावर हलकेच टेकवतात, तेच आभार. (पहिल्या दिवशी मी तबला वाजवल्यासारखी टकटक केली.) पेला भिडवताना वडीलधाऱ्यांच्या पेल्यापेक्षा आपला जरा खाली धरायचा.

शू त्या पाचांत नाही, पण तोही कन्फ्यूशियसचाच. शूचं अक्षर म्हणजे वर ‘सारखं’, खाली ‘हृदय’. स्वतःला नको ते दुसऱ्याला करू नये. रागात मेसेज लिहिलात तर पाठवण्याआधी तो तुम्हालाच आलाय असं समजून वाचा. चूक दाखवायची असेल तर चारचौघांत नको, बाजूला घेऊन.

राहिला शिआओ, म्हणजे आईवडिलांविषयीचा आदर; तोही पाचांबाहेरचा. वेगळं राहणाऱ्या मुलांनी त्यांना वारंवार भेटावं किंवा विचारपूस करावी, हे चीनमध्ये 1 जुलै 2013 पासून कायद्यातच आहे. कायदा करावा लागला, यातच काय ते आलं! आठवड्यातली एक वेळ ठरवा आणि फोन करा. आईवडिलांचं चुकत असेल तर हळुवार सांगावं, हेही कन्फ्यूशियसनंच सांगितलंय. ‘मोठ्यांपुढे बोलू नये’ एवढाच अर्थ कुणी काढू लागलं, तर त्यांना हे ऐकवा. हळुवारच.