न वापरलेल्या क्षमतेचं बिल: सही करण्याआधी वजाबाकी कशी तपासावी

क्षमता राखून ठेवण्याचा करार माझ्याकडे तपासायला आला, की दराचं पान मी शेवटी उघडते. वायूची पाइपलाइन असो, जहाजातली जागा असो, गोदाम असो की क्लाउडवरचे सर्व्हर. ग्राहक दरावर आठवडेच्या आठवडे घासाघीस करतो आणि ‘न वापरलेली क्षमता’ म्हणजे नेमकं काय, हे ठरवणारं कलम नजरेखालून घालून सोडून देतो. वर्षअखेरीला तुटीचं, म्हणजे ठरल्यापेक्षा कमी वापराचं, बिल येतं ते याच कलमातून. मी खरेदीदारांच्या बाजूने काम करते, त्यामुळे पुढचं सगळं त्याच बाजूने लिहिलेलं आहे.

आधी करारात कोणता आकार, म्हणजे शुल्क, आहे ते ओळखा. काही करारांत स्थिर क्षमता-आकार असतो: जागा तुमच्यासाठी राखली म्हणून पैसे, वापर होवो न होवो. अशा ठिकाणी वेगळी ‘तूट’ निघायचं कारण नसतं. दुसऱ्या प्रकारात पैसे वापरावर असतात, पण किमान उचल बांधलेली असते. ती गाठली नाही तर उरलेल्याचे पैसे द्यायचे. यालाच टेक-ऑर-पे म्हणतात. दोन्ही आकार एकाच करारात दिसले तर तिथेच थांबा. राखून ठेवल्याचे पैसे एकदा दिल्यावर त्याच न वापरलेल्या जागेचे पुन्हा कशासाठी, हे पुरवठादाराला लेखी विचारा. विजेच्या करारांत आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे रॅचेट. मागच्या काही महिन्यांतल्या सर्वांत मोठ्या मागणीची ठरावीक टक्केवारी पुढच्या महिन्यांचं किमान बिल बनते. एखाद्या दिवशी सगळी यंत्रं एकदम चालू झाली, तर त्याचा भार पुढे महिनोन्‌महिने बिलात राहतो.

आता मुख्य काम, वजाबाकी. कागद-पेन्सिल घ्या.

समजा दरमहा १,००० युनिट राखले आहेत आणि किमान उचल ८० टक्के आहे. सहा महिने तुम्ही ६०० युनिट उचलता, सहा महिने पूर्ण १,०००. वर्षाची बेरीज ९,६०० होते आणि १२,००० चे ८० टक्केही ९,६००च. हिशेब वार्षिक असेल तर तूट शून्य. हिशेब मासिक असेल तर सहा महिन्यांत दरमहा २०० प्रमाणे १,२०० युनिटांचं बिल तुमच्या हातात. दर तोच, वापर तोच, बदलला फक्त मोजणीचा कालावधी. ज्यांचा धंदा हंगामी आहे त्यांनी दरातली थोडी सूट सोडावी लागली तरी वार्षिक मोजणी मिळवावी, असं माझं ठाम मत आहे.

यानंतर वजावटी. पुरवठादाराचा प्लांट बंद होता, माल दर्जाचा नव्हता म्हणून तुम्ही नाकारला, ठरलेली देखभाल होती, फोर्स मॅज्यूर (कोणाच्याच हातात नसलेली आपत्ती) लागू झालं. यातलं प्रत्येक कारण नावानिशी लिहिलेलं हवं. त्याहून बारीक प्रश्न असा, की वजावट कुठून करायची? वरच्याच उदाहरणात ३० दिवसांच्या महिन्यात पुरवठा ६ दिवस बंद राहिला, म्हणजे २०० युनिट मिळण्याजोगेच नव्हते, आणि तुम्ही ६२० उचलले. वजावट राखीव क्षमतेतून केली तर ८०० चे ८० टक्के, म्हणजे किमान उचल ६४० आणि तूट २०. वजावट थेट किमान उचलीतून केली तर ८०० वजा २००, म्हणजे ६००, तूट नाहीच. कराराच्या मसुद्यात हा फरक एका वाक्यात दडलेला असतो, आणि तो तुमच्या बाजूने लिहून घेणं पूर्णपणे रास्त आहे. जे मिळू शकलंच नाही त्याचे पैसे ग्राहकाने भरावेत, हे मला कधीच पटलेलं नाही.

इथेच नॉमिनेशनचा, म्हणजे आगाऊ मागणी नोंदवण्याचा, मुद्दा येतो. अनेक करारांत पुरवठादाराची चूक तेव्हाच धरली जाते, जेव्हा तुम्ही तेवढी मागणी आधी लेखी नोंदवलेली असते. प्लांट बंद आहे हे कळल्यावर लोक मागणी पाठवणं थांबवतात आणि वजावटीचा हक्क तिथेच जातो. खरी गरज असेल तितकी मागणी बंदच्या काळातही वेळेवर पाठवत राहा आणि पोच जपून ठेवा.

तुटीचा दर काय असावा? जहाजवाहतुकीत याची जुनी रीत आहे. भाडेकरूने कबूल केलेला पूर्ण माल भरला नाही तर रिकाम्या जागेचं डेड फ्रेट द्यावं लागतं, पण तो माल न चढवल्यामुळे जहाजमालकाचा जो खर्च वाचला तो त्यातून वजा होतो. हेच तत्त्व तुमच्या करारात मागा. पुरवठादाराने पूर्ण दर हट्टाने धरला, तर बदल्यात मेक-अपचा हक्क घ्या: पैसे दिलेला पण न उचललेला माल नंतर उचलण्याची मुभा. हा हक्क कागदावर मोठा दिसतो, प्रत्यक्षात बऱ्याचदा पोकळ असतो. बहुधा त्या वर्षाची किमान उचल आधी पूर्ण केल्यावरच मेक-अप सुरू होतो, म्हणजे ज्याचा वापर घटला आहे त्याला तो मिळतच नाही. मुदत किती, मधल्या काळात भाव वाढला तर फरक कोण भरणार आणि करार संपताना शिल्लक बुडणार की परत मिळणार, ही तीन उत्तरं लेखी घ्या. उलट बाजूचा कॅरी फॉरवर्डही मागा. चांगल्या वर्षी जास्त उचललेलं पुढच्या वर्षीच्या किमान उचलीतून वजा व्हायला हवं.

क्षमता काढून घेण्याचं कलम वेगळं वाचावं लागतं. गर्दीच्या विमानतळांवर स्लॉटचा (उड्डाण-उतरणीसाठी नेमून दिलेल्या वेळेचा) नियम याचा परिचित नमुना: हंगामात ८० टक्के वापर झाला नाही तर पुढच्या तशाच हंगामात त्या स्लॉटवरचा हक्क जातो. २०२० मध्ये साथीमुळे उड्डाणं थांबली तेव्हा अनेक ठिकाणी या नियमातून सूट द्यावी लागली होती. तुमच्या करारात असं कलम असेल, तर क्षमता गेल्यावर आकारही त्याच दिवसापासून कमी होतो का, हे बघा. जागा गेली आणि बिल राहिलं, अशी रचना स्वीकारू नका. तुमची रिकामी जागा पुरवठादाराने दुसऱ्याला विकली तर ती रक्कम तुमच्या खात्यात जमा व्हावी, आणि जमलं तर स्वतः विकण्याचा हक्कही असावा. अमेरिकेत ऊर्जा नियामक आयोगाच्या १९९२ च्या ऑर्डर ६३६ ने आंतरराज्य वायू पाइपलाइनच्या ग्राहकांना राखीव क्षमता इतरांना देण्याची वाट करून दिली. तेव्हा ही मागणी काही जगावेगळी नाही.

तुटीची रक्कम दंडासारखी वाटली तर कायदा सोडवेल, यावर विसंबू नका. करारभंगाबद्दल ठरवलेली रक्कम आणि कराराच्याच दोन पर्यायांपैकी (माल उचला किंवा पैसे द्या) एकाची किंमत, यांत न्यायालयं फरक करतात. इंग्लंडमध्ये २००८ च्या एका निकालात टेक-ऑर-पे कलमाला दंडाचा नियम (दंड ठरणारी रक्कम वसूल करू न देण्याचा) तत्त्वतः लागू होऊ शकतो असं मानलं गेलं, तरी त्या खटल्यात कलम टिकलं. देशोदेशी कसोटी वेगळी आहे, म्हणून करार कोणत्या कायद्याखाली आहे ते आधी पाहून वकिलाला विचारा.

सहीपूर्वी मागच्या दोन वर्षांचा प्रत्यक्ष वापर या कलमांत घालून बिल काढा, मग सर्वांत मंद तीन महिने आणखी मंद करून पुन्हा काढा. आणि तूटपत्रकावर (पुरवठादार पाठवतो त्या तुटीच्या हिशेबावर) हरकत घ्यायची मुदत किती दिवसांची आहे ते शोधून कॅलेंडरवर टाका. ती उलटली की पत्रक मान्य धरलं जातं, आणि वर कमावलेल्या वजावटी मागायला जागा उरत नाही.