ओला पाचोळा, तिरपं ऊन आणि सायकलींची रांग

एकट्याने सायकल चालवताना समोरचा रस्ता दिसतो. ग्रुपमध्ये दिसते ती पुढच्याची पाठ. शरदातल्या पहाटे त्यात अंधार, दव आणि पाचोळ्याची भर पडते, म्हणून सायकल तयार करतानाही आपल्या मागे कोण असेल याचा विचार आधी करायचा.

सुरुवात हवेपासून. घरात २० अंश तापमानात ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेला टायर बाहेर ५ अंशांत नेला की दाब आपोआप सुमारे ५ पीएसआयने उतरतो. ओल्या रस्त्यासाठी हवा मुद्दाम कमी करणार असाल, तर ही घट हिशेबात धरा. नाहीतर खड्ड्यात आदळल्यावर ट्यूब रिमवर, म्हणजे चाकाच्या कडक कडीवर, चिमटते. ट्यूबला शेजारीशेजारी दोन चिरा दिसल्या, तर काटा शोधत बसू नका, हवाच कमी होती. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, तेवढी भरायलाच हवी असं नाही. २८ मिमीचा टायर आणि ७० किलोंचा माणूस असेल, तर ओल्या रस्त्यावर साधारण ६५ ते ७० पीएसआय पुरतात.

मागचा दिवा ग्रुपमध्ये लुकलुकता ठेवू नका. मागच्याला त्याचा ताप होतो. रांगेतल्यांनी मंद, स्थिर दिवा लावायचा आणि कायद्याने चालत असेल तर लुकलुकता फक्त शेवटच्याने. पुढचा दिवाही आघाडीवर असणाऱ्यानेच पूर्ण उजेडात लावावा. मागून प्रखर झोत आला की पुढच्याची सावली त्याच्याच पुढे रस्त्यावर पडते आणि नेमका खड्डा तिच्यात लपतो. थंडीत बॅटरी लवकर उतरते, त्यामुळे दिवे रात्रीच पूर्ण चार्ज करा. मागच्या मडगार्डला जमिनीपासून १०–१५ सेंटिमीटरपर्यंत लोंबणारी रबरी पट्टी नसेल, तर सगळा चिखल मागच्याच्या तोंडावर.

कपडे घालून उभं राहिल्यावर थोडी थंडी वाजली पाहिजे. आत्ताच उबदार वाटत असेल तर पहिल्याच चढावर घामाने भिजाल. पण वारा धरून चाला: १० अंशांत ताशी ३० किलोमीटर वेगाने ६–७ अंश असल्यासारखा गारठा जाणवतो. अंगाला सुती कपडा नको, तो घाम धरून ठेवतो. वर काढून खिशात कोंबता येईल असं बिनबाह्यांचं विंडचीटर आणि पूर्ण बोटांचे हातमोजे घाला. गारठलेली बोटं ब्रेक उशिरा दाबतात.

पहिली पंधरा-वीस मिनिटं हलक्या गिअरवर. दोन चाकांमध्ये कोरड्या रस्त्यावर निदान अर्धा ते एक मीटर अंतर, ओल्या रस्त्यावर एक पूर्ण सायकलभर. पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी आपलं पुढचं चाक कधीच घालू नका. तो जरा बाजूला सरकला की पडता तुम्ही. आघाडी दोन-तीन मिनिटांनी बदला. आघाडी सोडणाऱ्याने मागे पाहून बाजूला व्हायचं आणि वेग कमी करायचा. नवीन पुढे आलेल्याने वेग वाढवायचा नाही. तिथेच हुरूप येतो आणि रांग तुटते.

पाचोळा बहुधा कडेला साचतो. त्याखाली खड्डा आहे की गटाराचं झाकण, कळत नाही. कडेपासून थोडं आत चाला आणि ‘पानं!’ असं ओरडून मागे सांगा. ओल्या पानांवर ना वळायचं, ना ब्रेक लावायचा. वेग आधीच उतरवून सायकल सरळ जाऊ द्या. रिम ब्रेक (रिमला घासून चाक थांबवणारे) असतील तर उतार लागण्याआधी ते हलके टेकवून पाणी पुसून घ्या, कारण ओली रिम सुरुवातीला पकडतच नाही.

सूर्य वर आला की सगळे निर्धास्त होतात, तेव्हाच सावध राहा. ऊन तुमच्या डोळ्यांवर असेल, तर मागून येणाऱ्या गाडीवाल्याच्याही डोळ्यांवर आहे. तुमची लांब सावली समोर पडत असेल, तर समोरून येणारा गाडीवाला आंधळा झालाय, असं समजा. अशा पट्ट्यात जोडीने न जाता एका रांगेत या.

पंक्चर झालं तर ‘पंक्चर’ ओरडा, हात वर करा, पण लगेच ब्रेक दाबू नका. अख्ख्या ग्रुपने रस्त्यावरून पूर्ण खाली उतरायचं. नवीन ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून हलकेच बोट फिरवा: ओल्या रस्त्यावर बारीक काच रबरात सहज घुसते आणि राहून गेली तर दुसरी ट्यूबही घेते. काम एकाने करावं, बाकीच्यांनी तोवर विंडचीटर अंगात घालावं.