चालकाची नजर रस्त्यावर राहावी यासाठी गाडीतील नियंत्रणे कशी आखावीत

गाडीच्या मधल्या पडद्याची रचना करायला बसलेला अभियंता बहुधा पडद्यापासूनच सुरुवात करतो आणि तिथेच त्याची दिशा चुकते. सुरुवात चालकाच्या नजरेपासून करावी. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी दोन सेकंदांत सुमारे ५५ मीटर पुढे जाते, म्हणजे तेवढा वेळ पडद्याकडे पाहणारा चालक हे अंतर रस्ता न पाहताच पार करतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार एका वेळी रस्त्यावरून हटलेली नजर सर्वसाधारणपणे दोन सेकंदांत परत यावी आणि एका संपूर्ण कामासाठी असा वेळ मिळून बारा सेकंदांच्या आत राहावा. या सूचना ऐच्छिक असल्या, तरी प्रत्येक कामासमोर हा नजरेच्या वेळेचा खर्च पहिल्या आराखड्यापासून मांडत गेल्यास पुढचे बरेच वाद आपोआप मिटतात.

त्यानंतर सर्व कामांची यादी करावी आणि प्रत्येक काम किती वेळा लागते यापेक्षा ते किती अचानक लागते हे आधी विचारावे. पावसाळ्यात ताम्हिणी घाटात समोरच्या काचेवर आतून वाफ धरते, तेव्हा चालकाला पुढचे वळण आधीच दिसेनासे झालेले असते. वर्षाचे बाकी महिने ही वाफ घालवणाऱ्या डिफॉगरला क्वचितच कोणी हात लावत असेल, आणि केवळ वापराची आकडेवारी पाहणारा रचनाकार त्याला दुसऱ्या मेनूच्या आत ढकलून मोकळा होईल. परंतु ज्या क्षणी तो लागतो त्या क्षणी तो एका दाबात सुरू झालाच पाहिजे. गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅप या युरोपीय संस्थेने २०२६ पासूनच्या मूल्यांकनात इंडिकेटर, हझार्ड लाइट, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन मदतीचा कॉल यांना स्वतंत्र, हाताला लागणारी नियंत्रणे असण्याला महत्त्व दिले आहे. माझ्या मते या यादीत डिफॉगर, तापमान, पंखा आणि आवाज यांची भर घालावी. खर्च वाचवण्यासाठी बटणे काढायचीच असतील, तर ती पुढच्या आसनांच्या मसाज यंत्रणेची काढावीत.

हा आग्रह जुन्या पिढीचा हट्ट नव्हे. ‘वी बिलेगारे’ या स्वीडिश मासिकाने २०२२ साली ताशी ११० किलोमीटर वेगाने घेतलेल्या चाचणीत, तापमान वाढवणे आणि रेडिओ लावणे यांसारखी चार साधी कामे २००५ सालच्या बटणांच्या व्होल्वो व्ही-७० गाडीत दहा सेकंदांत उरकली, तर सर्वांत मागे राहिलेल्या नव्या गाडीत त्यांना ४४.६ सेकंद लागले. चालकांना प्रत्येक गाडीची ओळख करून घ्यायला आधी वेळ दिलेला होता, त्यामुळे नवखेपणाची सबब इथे चालत नाही.

बटण ठेवले म्हणजे काम झाले असेही नाही, कारण एकाच मापाची आठ सपाट बटणे ओळीने बसवली तर ती शोधायला नजर खाली न्यावीच लागते. दुसऱ्या महायुद्धात बी-१७ विमानांचे काही वैमानिक उतरल्यानंतर फ्लॅप्सऐवजी (पंखांच्या मागच्या झडपांऐवजी) चाके आत घेण्याचाच खटका ओढत. दोन्ही खटके सारखे दिसत आणि शेजारी होते. अल्फॉन्स चापानिस या मानसशास्त्रज्ञाने चाकांच्या खटक्याला चाकासारखी आणि फ्लॅप्सच्या खटक्याला पाचरीसारखी मूठ बसवण्याचा उपाय सुचवला. गाडीतही हेच करावे: आवाजासाठी फिरणारा गोल नॉब, तापमानासाठी वर-खाली होणारी कळ, आणि हझार्डचे बटण इतरांपासून दूर व मोठे. रात्री उजळत नसलेल्या स्पर्शपट्ट्या टाळाव्यात.

डाव्या बाजूच्या स्टिअरिंगसाठी केलेली रचना आपल्याकडे आणताना तिचे नुसते प्रतिबिंब घेऊ नये. भारतात मधला पडदा चालकाच्या डाव्या हाताला येतो, आणि बहुतेकांचा तो हात अचूकपणात कमी पडतो. खड्ड्यांत हात हलतो, म्हणून पडद्याच्या खाली बोटे टेकवता येतील अशी कड द्यावी आणि वारंवार लागणारी लक्ष्ये, म्हणजे पडद्यावर बोटाने दाबायच्या जागा, चालकाच्या बाजूला ठेवावीत. गूगलच्या वाहनांसाठीच्या मार्गदर्शनात स्पर्शलक्ष्याचे किमान माप ७६ डीपी (पडद्यावरील आकार मोजण्याचे एकक) आहे, तर फोनसाठी ते ४८ आहे. त्यामुळे फोनची मांडणी तशीच उचलून पडद्यावर ठेवणे हा आळसच होय.

अक्षरांच्या उंचीसाठी गाडीतील पडद्यांविषयीच्या आयएसओ १५००८ या आंतरराष्ट्रीय मानकाचा आधार घ्यावा. त्यातील वीस कला (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) कोनाची शिफारस सत्तर सेंटिमीटर अंतरावर सुमारे चार मिलिमीटर उंचीची होते. मात्र देवनागरीत ओळीच्या वर वेलांटी आणि खाली उकार येतो, आणि ‘क्ष’ किंवा ‘द्ध’ यांसारखी जोडाक्षरे त्याच उंचीत गजबजतात, म्हणून मराठी पडद्यासाठी अक्षर व ओळींमधील अंतर दोन्ही वाढवावे.

आवाजी आदेशाने नजर वाचते, पण लक्ष वाचतेच असे नाही. युटा विद्यापीठाच्या संशोधकांना काही आवाजी प्रणालींच्या वापरानंतर मनाची विचलितता २७ सेकंदांपर्यंत टिकलेली आढळली. म्हणून आवाजी संवाद एका वाक्यात संपावा, आणि मराठी वाक्यात मिसळलेली हिंदी-इंग्रजी ठिकाणांची नावे त्याला कळतात का, हे पुण्याच्या रहदारीतील गोंगाटात तपासावे. टंकलेखन आणि व्हिडिओ गाडी चालू असताना बंदच ठेवावेत. रिव्हर्स गिअर टाकताच मात्र मागचे दृश्य गाणे-नकाशा बाजूला सारून दोन सेकंदांच्या आत यायला हवे, आणि अमेरिकी नियमात ही मर्यादा बंधनकारक आहे.

चाचणी लवकर घ्यावी, कारण डॅशबोर्डचे साचे तयार झाल्यावर एक बटणही हलवणे महाग पडते. त्यासाठी आळीपाळीने दीड सेकंद उघडणारा आणि दीड सेकंद झाकणारा चष्मा वापरतात; नजर पडद्यावरून रस्त्याकडे जाण्याची ती नक्कल असते. चष्मा उघडा असतानाचा एकूण वेळ बारा सेकंदांच्या पुढे गेला, तर ते काम चालत्या गाडीतून काढावे किंवा त्याच्या पायऱ्या कमी कराव्यात. तपासणारी माणसे संघाबाहेरची असावीत, त्यांत चाळिशीचा चष्मा लावणारेही असावेत, आणि त्यांना कळ कुठे आहे हे सांगू नये. गाडी विकल्यानंतरच्या सॉफ्टवेअर अद्यतनात या कळांच्या जागा बदलायच्या असतील, तर हीच चाचणी पुन्हा घ्यावी.