यादी आधी, तांदूळ मग

कोविडसारख्या साथीच्या काळात गोव्यात अन्नवाटपाच्या कामावर नव्याने रुजू होणाऱ्याला भीती असते ती तांदूळ कमी पडण्याची. तांदूळ बहुधा येतो. फसते ती यादी.

2020 च्या एप्रिलपासून प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेत माणशी 5 किलो मोफत धान्य आले, तेही नेहमीच्या कोट्याच्या वर. प्राधान्य कार्डावर चार माणसे असली की नेहमीचे 20 आणि मोफत 20 किलो. अंत्योदयाला, म्हणजे सर्वांत गरीब घरांच्या कार्डाला, नेहमीचे घरटी 35, मोफत वाटा मात्र माणशी होता. असे दोन हिशेब असले की ते दुकानाच्या फळ्यावर वेगवेगळे मांडा. नाहीतर ‘अर्धे दुकानदाराने खाल्ले’ ही तक्रार दुपारपर्यंत पंचायतीत पोचलीच समजा. आणि 40 किलो उचलून म्हातारी वाड्यावर कशी नेणार? टेम्पो आधी ठरवा.

ई-पॉसवर, म्हणजे रेशन दुकानातल्या ठसा घेणाऱ्या यंत्रावर, बोट उमटत नाही, कारण गवंड्याची बोटे झिजलेली असतात किंवा सॅनिटायझरने ओली. हात पुसायला लावा, दुसरे बोट घ्या. ओटीपीचा मार्ग असतो, पण तो जुन्या नंबरवर जातो. म्हणून नंबर आदल्या आठवड्यातच तपासून घ्या.

परप्रांतीय कामगारांची गोष्ट वेगळी. गावच्या कार्डावर दुसऱ्या राज्यातही धान्य देणाऱ्या ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेत गोवा 1 जानेवारी 2020 पासून होता, पण कार्ड गावी आईच्या नावावर आणि आधार जोडलेले नाही, मग इथल्या दुकानात काय मिळणार? ठेकेदाराची यादी घेऊ नका. त्यात गावी गेलेलेही असतात आणि काल आलेले नसतात. खोलीगणिक फिरा, माणसे मोजा, आणि एक प्रश्न विसरू नका: गॅस आहे का? सिलिंडर संपलेल्याला पाच किलो तांदूळ देऊन उपयोग नाही, त्याला शिजवलेलेच द्या. मे महिन्यात भातावर आमटी ओतून पाकीट बांधू नका, ती वेगळ्या पिशवीत भरा. पाकिटावर शिजवल्याची वेळ लिहा. चार तासांवर गेले की वाटू नका. पावसाळ्यात पोती थेट जमिनीवर टेकवलीत तर खालचा थर ओल धरतो. लाकडी फळ्या घाला.

काम गेलेल्यांना नवे काम शिकवायचे असेल, तर त्या प्रशिक्षणातही उत्साहापेक्षा व्यवहार पाहा. हॉटेले, टॅक्सी, किनाऱ्यावरचे शॅक बंद पडले की घरात बसलेल्याचे पोट ‘कोर्स’ने भरत नाही. जून 2021 मध्ये केंद्राने कोविड कामगारांसाठी सहा भूमिकांचा जलद अभ्यासक्रम काढला, त्यात घरी रुग्णाची काळजी आणि नमुने गोळा करणे हेही होते. वेटरला पहिले काम सोपे जाते, माणसांशी बोलायची सवय असते. पण नाव घालण्यापूर्वी घरी वयस्क किंवा आजारी कोण आहे ते विचारा. नाहीतर पहिल्याच आठवड्यात तो गळतो.

तासिका मोबाइलवर असेल तर रेंज तपासा. सत्तरी तालुक्यातल्या काही वाड्यांवर मुले टेकडीवर चढून बसतात. पाऊस लागला की हजेरी शून्य. धडे डाउनलोड करून द्या आणि प्रात्यक्षिकाला लहान तुकड्या करा. रेशनच्या दिवशी वर्ग ठेवू नका, कारण रांगेत उभे राहायला घरातले तेच एक जण मोकळे असते.